सैल बंधन

प्रा. वैजयंती तोडकर यांनी स्वतःच्या घराच्या नियोजनाचा आराखडा वर्गातल्या पडद्याचं काम करणाऱ्या भिंतीवर उघडला, त्याचं कारण साधं होतं. मुलं आपापल्या घरचे आराखडे दाखवायला कचरत होती.

कराडच्या त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला ‘व्यवसाय माहिती प्रणाली आणि संख्यात्मक निर्णयपद्धती’ हा विषय होता. सत्राच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाने आपल्या घरचा ‘मेळ’ तपासायचा होता. त्यातली आवळणारी बंधनं कोणती, सैल कोणती, आणि एखादं बदललं तर उत्तर कसं बदलतं, हे शोधून मांडायचं. घरच्यांच्या परवानग्या मिळाल्या होत्या. पण वर्गासमोर पहिलं घर कुणाचं, असं विचारल्यावर सगळे बाकाकडे बघायला लागले. शौर्य डुबल म्हणाला, आमच्या घरात कोण कुणाला टाळतं हे अख्ख्या कराडला माहीत आहे, आता त्याचा पुरावा कशाला द्यायचा. वर्ग हसला. विद्यार्थ्यांकडून जे मागायचं ते आधी स्वतः करून दाखवायचं, ही तोडकर मॅडमची नोकरीला लागल्यापासूनची पद्धत. त्यांनी स्वतःचा मेळ उघडला.

एव्हाना बहुतेक नोकरदार घरांत मेळ ही संगणक-प्रणाली होती. त्याचं काम आठवड्याचं नियोजन करण्याचं आणि मोठे निर्णय सुचवण्याचं. घरातला प्रत्येक प्रौढ त्याला आपली बंधनं सांगे. कामाच्या वेळा, शाळा, औषधं, ज्यांच्याशिवाय चालणार नाही अशा गरजा. बंधन म्हणजे मोडायचं नाही ते. समाधान कशात आहे, हे मात्र मेळ कुणाला विचारत नसे, कारण त्याचं खरं उत्तर माणसांना देता येत नाही, असं तो बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या की तुम्ही कोणती उचलता, हे तो बघे आणि त्यावरून वजनं ठरवे. मग एकही बंधन न मोडणाऱ्या लाखो शक्यतांमधून ज्या मांडणीत समाधानाची बेरीज सगळ्यात मोठी, ती पुढे ठेवी. नात्यातली घरं एकमेकांना जोडता येत. मॅडमचं कराडचं घर मुलाच्या, सारंगच्या, पुण्याच्या घराशी असं जोडलेलं होतं.

बंधनांच्या यादीत प्रत्येकापुढे एक आकडा असतो, ते बंधन थोडं ढिलं केलं तर समाधान किती वाढेल ते सांगणारा, त्याला छाया-किंमत म्हणतात. मॅडमनी तो समजावून सांगायला कॉलेजचं कँटीन घेतलं. शेगड्या तीन आणि कढई एकच असेल तर आणखी एक शेगडी आणून वडे वाढणार नाहीत. कढई आणली तर वाढतील. म्हणून कढईला किंमत आहे आणि शेगडीची किंमत शून्य. शेगडी वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. ती गरजेपेक्षा जास्त मोकळी आहे, एवढंच. जे बंधन सैल, त्याची छाया-किंमत शून्य.

मग त्यांनी भिंतीवरच्या ओळी वाचायला सुरुवात केली. सारंगच्या कामाच्या वेळा. नातीची शाळा. सूनबाईंच्या, म्हणजे ऋताच्या, वडिलांचं नाशिकचं डायलिसिस. तिथला आकडा मोठा होता. शेवटची ओळ अशी होती: आई, कराड. उपलब्धता: कोणताही दिवस, कोणतीही वेळ. छाया-किंमत: शून्य.

त्या जराही थांबल्या नाहीत. सैल बंधनाचं हे स्वच्छ उदाहरण आहे, असं सांगून त्या पुढे निघाल्या होत्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून शौर्य म्हणाला, “म्हणजे मॅडम, तुम्ही तिसरी शेगडी.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “परीक्षेत असंच लिही, मार्क मिळतील.”

वर्ग हसला, पण शौर्यला आपण जरा जास्त बोललो असं वाटलं असावं. त्याने लगेच उपाय सुचवला. मॅडमनी उपलब्धता आवळावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा ते एक, बाकी वेळ नाही, असं टाकावं. मग बघा आकडा कसा वर येतो ते. त्याच्या काकांनी असंच केलं होतं आणि आता त्यांच्या चहाला अख्खं घर वेळेवर हजर असतं.

पहिल्या बाकावरची अलिना मुजावर कमी बोले, पण बोलली की मोजून. ती म्हणाली, “त्यानं काही होणार नाही. शेगडी कमी केली तरी वडे तेवढेच निघणार. आधी ती कुणीतरी वापरायला पाहिजे.”

कुणी हसलं नाही. अलिनाने आकडेमोड सांगितली होती, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिने पुढचा प्रश्नही तसाच विचारला: मॅडमच्या गरजांचा रकाना मोकळा का आहे? मॅडम म्हणाल्या, गरज बंधनात जाते, इच्छा उद्दिष्टात, म्हणजे समाधानाच्या बेरजेत. लोक इच्छेला गरज म्हणून बंधनात घालतात आणि उत्तर बिघडवतात. माझ्या अशा गरजा नाहीत.

आराखड्याच्या वरच्या कोपऱ्यात सारंगच्या बदलीचा प्रस्ताव दिसत होता. मालवाहतुकीचं नियोजन करणाऱ्या त्याच्या कंपनीने त्याला दोन जागा देऊ केल्या होत्या. एक साताऱ्याच्या गोदामात, कराडहून तासाभरावर. दुसरी विशाखापट्टणमच्या बंदरावर. मेळचं उत्तर होतं विशाखापट्टणम; बंदरावरून सारंगला दर महिन्याला निघता येणार नव्हतं, नाशिकच्या फेऱ्या ऋता करणार होती. सारंगने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. मॅडमना ते रविवारपासून माहीत होतं. त्यांनी भिंत मालवली आणि पुढचा तास कँटीनच्या वड्यांवर घेतला.

*

गरजांचा रकाना मोकळा राहिला, त्याला सहा वर्षं झाली होती.

त्यांचे पती विश्वासराव गेले त्या वर्षी सारंगने स्वतः येऊन दोन्ही घरं जोडून दिली. जेवणाच्या टेबलाशी दोघं बसले होते. मेळने विचारलं, तुम्हाला कुणाच्या भेटीची, सोबतीची, मदतीची गरज आहे का, असल्यास किती. सारंग म्हणाला, आई, काहीतरी टाक. त्या म्हणाल्या, कशाला, तू येशील तेव्हा येशील, मी काय अट घालू का तुला. त्यात मोठेपणा मिरवण्याचा हेतू नव्हता. आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं की बंधन म्हणून तेवढंच लिहा, जे मोडलं तर सगळं उत्तरच बाद होईल. मुलगा आला नाही म्हणून आपलं जगणं बाद होतं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि विषयतज्ज्ञ म्हणून उत्तर दिलं: नाही. उपलब्धतेत ‘कोणतीही वेळ’ घातलं, कारण तेही खरं होतं.

पहिल्या वर्षी सारंग बऱ्याचदा आला. मग सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं. त्याच रविवारी नाशिक आणि कराड असे दोन पर्याय समोर येत. नाशिकला बंधन होतं, कराडला नव्हतं. सारंग नाशिकला जाई, आणि जायलाच हवं होतं. मेळ ती निवड बघे आणि कराडचं वजन थोडं कमी करी. वजन कमी झालं की पुढच्या खेपेला कराड सुचवलं जाण्याची शक्यता आणखी कमी होई. आपण सुचवलेल्या निवडीवरूनच माणसाची आवड ओळखायची, असा हा फेरा होता. त्यात कुणाची लबाडी नव्हती. नातीचं पोहणं आलं, ऋताची परीक्षा आली, शेजाऱ्यांचं लग्न आलं. प्रत्येक वेळी ज्याला थांबता येत नव्हतं ते पुढे गेलं आणि ज्याला थांबता येत होतं ते थांबलं.

कॉलेजातून आल्यावर वैजयंतीबाई एका वाटीचा भात लावत. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरायला जात, तिथे ओळखीच्या बायका भेटत, तब्येतीचं बोलणं होई. सारंगचा फोन आठवड्याला येत असे. तो नेहमी विचारी, बरी आहेस ना, काही हवंय का. त्या सांगत, सगळं छान आहे. मग तो नातीला फोन देई, नात शाळेतलं काही सांगायला लागे आणि मध्येच पळून जाई. घरात कुणी नसल्याचं त्यांना एरवी जाणवत नसे. वर्तमानपत्रात काही वाचलं आणि ते मोठ्याने म्हणून दाखवायला त्यांनी मान वर केली, की तेव्हा जाणवे.

*

बुधवारी प्रकल्पांची सादरीकरणं झाली. आता मॅडमनी स्वतःचं घर दाखवलं होतं, त्यामुळे मुलं बोलती झाली.

मुलांनी जे शोधलं होतं ते मॅडमना सुद्धा नवीन होतं. ज्यांना मेळची रीत कळली होती त्यांनी बंधनं आवळली होती. शौर्यच्या काकांचा चहा होताच. कुणाच्या आजोबांनी जेवताना शेजारी दोन माणसं असलीच पाहिजेत, असं घातलं होतं. एका घरात तर तिन्ही भावांनी इतक्या अटी घातल्या होत्या की उत्तरच निघत नव्हतं, आणि शेवटी त्यांना समोरासमोर बसून भांडावं लागलं. ते सगळ्यांत सुखी घर आहे, असा त्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष होता. मॅडमनी त्यावर आधार विचारला.

अलिनाने तिच्या दादीचं मांडलं. दादीच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घालावे लागत. थेंब घरातल्याच माणसाने घातले पाहिजेत, परक्या हाताला मी डोळा उघडत नाही, असं दादीने बंधनात सांगितलं होतं. त्याची छाया-किंमत घरात सर्वांत जास्त निघाली, कारण कुणालातरी दुपारी कामावरून यावं लागे. आता मेळची एक रीत अशी की ज्या बंधनाची किंमत सर्वांत जास्त, ते सैल कसं करता येईल हे तो आधी सुचवतो. कारखान्यातही असंच करतात, जिथे अडतं तिथे पैसा घालतात. मेळने थेंब घालणारा चष्मा सुचवला. घरच्यांनी वर्गणी काढून ईदला तो दादीला भेट दिला. चष्म्यावर नातवंडांची नावं कोरून घेतली.

“मग?” मॅडमनी विचारलं.

“आता बंधन राहिलं नाही. आकडा शून्य आहे.” अलिनाने वही मिटली. “दादी म्हणते, थेंब वेळेवर पडतात.”

तिच्या प्रकल्पाला मॅडमनी वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले.

*

गुरुवारी त्या फिरायला गेल्या नाहीत. जेवणाच्या टेबलाशी मेळ उघडून बसल्या.

दोन्ही धोके त्यांना आता नीट दिसत होते. काही मागितलं नाही तर हिशेबात आपण नाही. मागितलं तर आपण अडचण, आणि अडचण दूर करायला लोक प्रेमाने चष्मा आणतात. तिसरा धोका त्यांच्या पेशातला होता. हवं ते उत्तर यावं म्हणून माहिती बदलायची नाही, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना बजावलं होतं. सारंग साताऱ्याला यावा म्हणून आज गरज लिहिली, तर ती खोटी माहिती ठरेल.

म्हणून त्यांनी सातारा बाजूला ठेवला. शुक्रवार नसता, बदली नसती, तर मी काय लिहिलं असतं, असं स्वतःला विचारलं. आठवड्याला भेट लिहिली असती का? नाही, ती इच्छा. दिवाळीला, गणपतीला? ते ठीक, पण त्याने भागत नव्हतं. मागच्या आठवड्यात दुधवाल्याशी त्या दारात बराच वेळ पावसाळ्यातल्या रस्त्यांबद्दल बोलत उभ्या होत्या आणि तो मुलगा सायकलीचं हँडल हातात धरून वाट बघत होता. ते आठवलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ते सैल बंधन असलेल्या माणसाचं वागणं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीची माहिती चुकीची होती. चुकीची माहिती दुरुस्त करणं हा नियमभंग नव्हे.

त्यांनी लिहिलं: मुलाची प्रत्यक्ष भेट, महिन्यातून एक.

मेळला थोडाच वेळ लागला. प्रस्ताव बदलला. विशाखापट्टणमच्या जागी सातारा आलं. शेवटच्या ओळीतला आकडा नाशिकच्याही वर गेला. त्याखाली सारंगसाठी सूचना उमटली, ती जोडलेल्या घरात त्यांनाही दिसत होती: हे बंधन सैल करण्याबाबत आईशी बोलावं. पर्याय: सोबत देणारी सेवा, आईचं स्थलांतर, दृश्य-संवाद.

*

सारंगचा फोन शुक्रवारी दुपारी आला. मॅडम स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. तो म्हणाला की रात्रीपासून मेळ साताऱ्यावर अडून बसलाय आणि ऋताने कारण शोधून काढलं. ती म्हणते, आईंनी वर्गात दाखवायला काहीतरी बदललं असेल आणि परत पूर्ववत करायचं राहिलं असेल.

“तसंच झालंय ना? पाचच्या आत कळवायचंय मला.”

ही सुटायची वाट होती. हो म्हटलं की झालं. मुलांना दाखवत होते रे, राहून गेलं, काढते आत्ता. हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. असली वाक्यं नेहमीच तयार असत.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते खरं आहे.”

पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. तो बाहेर येऊन बोलायला लागला असावा.

“मग आधी का नाही लिहिलंस? मी विचारलं होतं तुला, आई. टेबलाशी बसून विचारलं होतं.”

“विचारलं होतंस. मी चुकीचं उत्तर दिलं.”

“मी सहा वर्षं तेच धरून चाललोय.”

“तुझी चूक नाही म्हणतेय मी.”

तो म्हणाला, सोबत देणारी सेवा लावू, आणि त्या म्हणाल्या, परक्या माणसाची सोबत मला नको. तो मग म्हणाला, तू आमच्याकडे विशाखापट्टणमला ये, कंपनीचं घर मोठं आहे, समुद्र दिसतो. त्या म्हणाल्या, माझी नोकरी आहे, माझं घर आहे, आणि मी राहायला जागा मागितलेली नाही. तो म्हणाला, व्हिडिओवर रोज बोलू. त्या म्हणाल्या, फोनवर आत्ताही बोलतो. प्रत्येक पर्याय मेळने सुचवलेल्या क्रमाने येत होता हे त्यांना कळत होतं, आणि त्यालाही कळत असावं, कारण तिसऱ्यानंतर तो थांबला.

“मला जायचंय, आई,” तो म्हणाला. “मेळ म्हणतो म्हणून नाही. रविवारी मी तुला सांगितलं ना, मेळनं काढलंय म्हणून? ते तसं नव्हतं. मलाच जायचं होतं. त्यानं तेच काढलं तेव्हा बरं वाटलं.”

हे त्यांना नवीन होतं. इतके दिवस त्या यंत्राच्या उत्तराशी भांडत होत्या. त्यामागे मुलाची स्वतःची इच्छा उभी असेल असं त्यांनी धरलंच नव्हतं, आणि त्यालाही ती बोलून दाखवायची वेळ कधी आली नव्हती.

“मग जा,” त्या म्हणाल्या. “मनापासून सांगते, जा. पण मी लिहिलंय ते काढणार नाही.”

“अगं, मग विशाखापट्टणम धरलं की उत्तरच निघत नाही त्याचं.”

“नाहीच निघणार. तुला स्वतःला ठरवावं लागेल.”

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर त्यांनी बघितलं. मेळने लिहिलं होतं, विशाखापट्टणम धरून सर्व बंधनं पाळणारी मांडणी उपलब्ध नाही. त्याखाली, विशाखापट्टणम, बंधनभंगासह. मान्यता: सारंग. पाचला काही मिनिटं असताना त्याने स्वतः बटण दाबलं होतं. कंपनीला होकार गेला होता. त्यांनी फोन करून अभिनंदन केलं, ऋताशीही बोलल्या. बंदरावर कुठली शाळा चांगली, सामान कसं न्यायचं, असं बोलणं झालं. त्या विषयाचं नाव कुणी काढलं नाही.

*

मोडलेलं बंधन मेळ विसरत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो ज्याने भंग मान्य केला त्याला पुन्हा विचारतो: या महिन्यात भेट झाली नाही. मान्य? हो म्हटल्याशिवाय पुढच्या महिन्याचं नियोजन सुरू होत नाही. मुलांना ही गोष्ट पाठ्यक्रमात शेवटी शिकवायची असते आणि बहुधा वेळ पुरत नाही.

पहिल्या महिन्याच्या शेवटी सारंगची मान्यता सकाळीच आली, कार्यालयाला निघायच्या सुमाराला. दुसऱ्या महिन्यात ती दुपारी आली. त्या दोन्ही दिवशी त्याने फोन केला नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी वैजयंतीबाई संध्याकाळी फिरून आल्या, पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि टेबलाशी येऊन बघितलं. ओळीपुढे लिहिलं होतं, मान्यतेची प्रतीक्षा. सकाळपासून तेच होतं. मेळने त्याला तीन वेळा आठवण केली होती, त्याच्या नोंदी खाली होत्या. तिकडे पुढच्या महिन्याची आखणी अडून राहिली असणार, नातीच्या शाळेची, ऋताच्या नाशिकच्या तिकिटांची. त्याने बघितलंच नसेल. किंवा बघितलं असेल आणि बटणावरचं बोट त्याने उचलून घेतलं असेल.

त्यांनी फोन हातात घेतला. काय बोलायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. अरे, दाबून टाक ते, मला काही वाटत नाही, उगीच तुमचं काम अडायला नको. एवढं म्हटलं की त्या घरातलं सगळं पुन्हा सुरळीत सुरू झालं असतं.

त्यांनी फोन टेबलावर परत ठेवला आणि भात लावायला उठल्या.